गुड फ्रायडेचं मटण

बाबा गेल्यावर शाळेत शोकसभा झाली, तेव्हा बोलणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या उडीचं कौतुक केलं. व्हॉलीबॉलच्या जाळीवर त्यांचा हात कसा यायचा, मेहकरच्या संघाची कशी पाचावर धारण बसायची, वगैरे. सगळं खरं होतं. पण माणूस एकदा हार घातलेल्या फोटोत जाऊन बसला की लोक त्याला फारच सोपा करून टाकतात. माझे बाबा सोपे नव्हते. ते हट्टी होते, आणि त्यांचा हट्ट इतका मऊ असायचा की समोरच्याला तो कळायचाही नाही. आईला मात्र कळायचा.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं त्या सुमारास बाबा जानेफळच्या शाळेत खेळाचे मास्तर म्हणून आले. मूळचे जालन्याकडचे. गावात कॅथलिक घर आमचं एकटंच. पहाटे ते मेहकरच्या रस्त्याने पळायला जायचे. काही कारण नसताना पळणारा मोठा माणूस गावाने तोवर पाहिलेला नव्हता. सुरुवातीला लोक काळजीने विचारायचे, "मास्तर, कोनाच्या घरी काही बरंवाईट झालं का?" पुढे सवय झाली, तरी एखादा बैलगाडीवाला हटकून थांबायचा. "बसा ना मास्तर, गावातच चाललो. काऊन पायाले तरास देता?" आणि बाबा बसायचे. व्यायामाला गेलेला माणूस कडब्यावर बसून घरी यायचा. आई म्हणायची, "नाही म्हणायला काय जातं तुमचं?" बाबा म्हणायचे, "अगं, त्याने माझ्यासाठी गाडी थांबवली."

घरी आले की विहिरीवरून दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन यायचे. गावात पुरुष घरचं पाणी भरत नसत. बायका आईला टोमणे मारायच्या आणि ती लाजून चूर व्हायची. बाबांचं उत्तर ठरलेलं, खांद्याला व्यायाम होतो. माझी वेणीसुद्धा तेच घालायचे, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. तोही त्यांना व्यायामच वाटत असावा.

आई वेगळ्या मातीची. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, मिशनच्या गावात पोरांना धर्मशिक्षण द्यायचे. तिच्या माहेरी धर्मात घासाघीस चालत नसे. गुड फ्रायडे हा येशू क्रुसावर मेला तो दिवस, शोकाचा. आमच्या घरी त्या दिवशी एकच वेळ पेज. मोठ्याने हसायचं नाही, आणि मांस डोळ्यांसमोरही नको. गावाला हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. शाळेला सरकारी सुट्टी, म्हणजे मास्तरांचा सण, असं त्यांनी धरून टाकलं होतं. दारावरून जाताना कुणीतरी म्हणायचंच, "आज तुमचा सन ना मास्तर? मजा हाये." बाबा हात जोडायचे.

आमच्या घरामागे एका काकूचा मळा होता. ती वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवायची. गळ्यात माळ, तिच्या घरात कधी अंडंसुद्धा शिरलेलं नव्हतं. तिचा मुलगा बाबांच्या हाताखाली व्हॉलीबॉल शिकला आणि एका वर्षी जिल्ह्याच्या संघात निवडला गेला. त्याच आठवड्यात गुड फ्रायडे आला. दुपारी काकू दारात उभी. हातात झाकलेलं पातेलं, फडक्याने धरलेलं.

"मास्तर, तुमचा सन हाये," ती म्हणाली. "आमच्यात चालत नाही, पन तुमचा सन बिना मटनाचा कसा होईन? मळ्यात तीन दगड मांडले अन् रांधलं. खाटकाच्या बायकोनं सांगतलं तसंच केलं. मले काही चाखता आलं नाही, तं मिठाचं तुमी पाहून घ्या."

आईचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, तेवढ्यात बाबा हात धुऊन ओसरीवर बसलेसुद्धा. "वाढ," ते म्हणाले. आई जागची हलली नाही. मग त्यांनी स्वतःच ताट घेतलं. सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस काकूसमोर बसून ते मटण पोटभर जेवला.

"जमलं का?" काकूने विचारलं.

"फार छान जमलंय."

काकू इतकी खूश झाली की रिकामं पातेलं न्यायचंच विसरली. मटणात मीठ अजिबात नव्हतं, हे बाबांनी नंतर सांगितलं.

ती गेल्यावर आई म्हणाली, "सांगता आलं असतं तिला. समजून घेतलं असतं तिने."

"घेतलं असतं," बाबा म्हणाले. "आणि जन्मभर मनाला लावून घेतलं असतं. जे ती शिवत नाही ते तिने माझ्यासाठी रांधलं. तिला काय सांगू, आज आमच्याकडे सुतक आहे?"

आता, जाणूनबुजून असं करणं हे आमच्यात मोठं पाप. फादरांपुढे कबुली द्यायची, पश्चात्ताप झाला म्हणून सांगायचं आणि क्षमा मिळवायची. त्याशिवाय ईस्टरच्या मिस्सेत, त्या दिवशीच्या सामुदायिक उपासनेत, पवित्र भाकर घेता येत नाही. ईस्टरला आम्ही आईच्या माहेरी जायचो. तिथे सगळं गाव एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणि आजोबा पहिल्या ओळीत. सगळे भाकर घ्यायला उठले आणि जावई तेवढा बसून राहिला, तर त्याने काहीतरी भयंकर केलंय हे सांगायला कुणी लागत नाही. आईला त्याचीच धास्ती. एस.टी.त ती सगळी वाट जपमाळ ओढत होती.

शनिवारी संध्याकाळी बाबा कबुलीला गेले. आई आपली कबुली आधीच देऊन आली होती, ती माझा हात धरून बाहेर चिंचेखाली उभी राहिली. ते आले तेव्हा तिने विचारलं, "झालं?"

"नाही."

"फादरांनी क्षमा नाही दिली?"

"देत होते गं. त्यांनी विचारलं, पश्चात्ताप होतो ना? मी खूप शोधून पाहिलं. होत नाही. बाई पुढच्या वर्षी पुन्हा आणेल आणि मी पुन्हा खाईन. मग खोटं कसं बोलू? ते म्हणाले, विचार करून या."

"नुसतं हो म्हणायचं होतं," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "बैलगाडीवाल्याला तुम्हाला नाही म्हणवत नाही, आणि देवाला हो म्हणवत नाही."

मला दोघांचाही राग आला. आईचा जास्त.

दुसऱ्या दिवशी देऊळ गच्च भरलं. एका बाजूच्या सतरंजीवर पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. वेळ झाली तसे लोक भाकर घ्यायला उठू लागले. सगळ्यांत आधी आजोबा. जागेवर परतताना त्यांनी जावयाकडे पाहिलं. बाबा पाय आखडून शेजाऱ्याला वाट देत होते. शेजाऱ्याने त्यांची बाही ओढली. त्यांनी मान हलवली. बायकांत कुजबुज सुरू झाली. मामीने मला पुढे ढकललं, म्हणून मी आईच्या आधी उठले.

भाकर जिभेवर घेऊन मी मागे वळले. पुरुषांची रांग लागली होती आणि त्यांच्या रिकाम्या सतरंजीवर बाबा एकटे मान खाली घालून बसले होते. मी आईला रांगेत शोधलं. ती रांगेत नव्हती. बायकांच्या रिकाम्या सतरंजीवर तीही एकटी बसली होती. तिने उपास पाळला होता, कबुली दिली होती, त्या पातेल्याला हातही लावला नव्हता. मामी वाकून तिच्या कानात काहीतरी म्हणाली. आईने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि बसूनच राहिली. आजोबा बघत होते, सगळं गाव बघत होतं. तेव्हा बाबांनी मान वर केली आणि त्यांना ती दिसली.