कर्ज सुटलेल्या नर्सचा निरोप

मार्च अर्धा सरला होता, पण अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या नूर्डाल गावात थंडीला ते कुणी कळवलं नव्हतं. रस्त्याकडेच्या बर्फाचे ढीग डुकरं लोळून गेल्यासारखे काळपट झाले होते. दुपारी ते जरासे पाझरायचे, रात्री पुन्हा गोठायचे, आणि सकाळी ट्रिना वेट्झेलच्या दारात काच अंथरल्यासारखे पसरून तिची वाट बघत बसायचे. ट्रिना बदकाच्या चालीनं गाडीपाशी गेली. इंजिनाला रात्रभर ऊब देणारी वायर गाडीच्या नाकातून लोंबत होती, ती तिनं भिंतीतून उपटली. मग पुढची काच खरवडून तळहाताएवढं भोक पाडलं. तेवढ्या भोकातून नॉर्थ डकोटा पुरेसा दिसतो. बघण्यासारखं तसंही फारसं काही नसतं.

बुधवार म्हणजे पायांचा दवाखाना. गावच्या बारा खाटांच्या इस्पितळातून निघून ती दर बुधवारी चर्चच्या तळघरात यायची, प्लास्टिकच्या टबांत कोमट पाणी भरायची आणि म्हाताऱ्यांची नखं कापायची. जन्मभर ट्रॅक्टरवर बसलेल्या त्या माणसांची नखं म्हणजे बैलाच्या खुरांची सख्खी भावंडं. हात पायापर्यंत पोचत नव्हते, बायका एक तर वारल्या होत्या नाही तर त्यांनी साफ सांगून टाकलं होतं, की लग्नात घातलेल्या शपथेत हे काम नव्हतं. कितीकांना साखरेचा आजार, त्यामुळे एखादा चिरा पडला तर पाय गमवायची पाळी. ट्रिना एकेक पाय मांडीवर घ्यायची, बोटांच्या बेचक्यांत बघायची आणि अर्धा तास त्या पायाच्या धन्याला बोलणी ऐकवायची. म्हातारे त्यासाठीच यायचे असाही गावात एक पक्ष होता.

पण या बुधवारी सगळे मुके होते. शहाऐंशी वर्षांचा लव्हर्न ब्रेक्के, ज्याचं तोंड एरवी बंद करायला गवंडी बोलवावा लागला असता, तो टबात पाय सोडून छताकडे बघत बसला होता. नाही म्हणायला जाताना एवढंच बोलला, की दक्षिणेकडं हवा बरी असतीया म्हणं या दिवसांत. ट्रिनानं त्याचा डावा अंगठा जरा जोरातच दाबला.

कारण असं, की मागच्या आठवड्यात तिचं कर्ज माफ झालं होतं.

ट्रिना मूळची ओहायोची. वडील टायरच्या कारखान्यात, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. नर्सिंगचं शिक्षण घ्यायचं म्हणजे कर्ज काढायचं, हे तिकडं नर्सच्या टोपीइतकंच ठरलेलं होतं. फरक एवढाच, की टोप्या कधीच गेल्या आणि कर्जं राहिली. पास झाल्यावर ते कर्ज घोरपडीसारखं पाठीला चिकटलं. ते सुटण्याच्या वाटा तिनं धुंडाळल्या. एक सरकारी योजना होती, नर्सांचा तुटवडा असेल तिथं दोन वर्षं काढा, बरंचसं कर्ज आम्ही फेडतो. अर्ज केला, तर तिच्यापेक्षा जास्त बुडालेल्या नर्सांनी रांग लावलेली, पैसे तिच्यापर्यंत येईतो संपले. दुसरी राज्याची योजना, तिचीही तीच गत. मग उरली तिसरी वाट, लांबची. सरकारी नाही तर धर्मादाय इस्पितळात पूर्ण वेळ नोकरी करायची, पगाराच्या बेतानं दर महिन्याला हप्ता भरायचा, असा दहा वर्षांचा भरणा झाला की उरलेलं माफ. नूर्डालचं इस्पितळ धर्मादाय होतं. तिथं येते म्हणणारी ती एकटीच होती.

पहिल्याच हिवाळ्यात तिच्या डोळ्यांच्या पापण्या गोठून एकमेकींना चिकटल्या. त्या दिवशी कॅफेत शिरून, अजून एक डोळा बंदच असताना, तिनं भर दुपारी जाहीर केलं, "ज्या दिवशी हे कर्ज माफ होईल ना, त्या दिवशी गाडी चालू ठेवून राजीनामा देईन आणि मागे वळून बघायची नाही."

नूर्डालमध्ये कुणी असं मोठ्यांदा मनातलं बोलत नाही. तिथली माणसं नॉर्वेहून आलेल्यांच्या पोटची. घर जळत असलं तरी शेजाऱ्याला म्हणतील, जरा उबारा जाणवतोय का हो. त्यामुळे ट्रिनाचं ते वाक्य गावाला वीज पडल्यासारखं लक्षात राहिलं. पाऊस किती पडला, कुणाचं धान्याचं कोठार कधी कोसळलं, तसंच हे. नर्सबाई दहा वर्षांसाठी आहेत.

दहा वर्षं सरळ गेली असती तर ती वर्षं कसली. मध्येच कळलं, की हप्ते भरायचा तिचा प्रकारच चुकीचा निवडला गेला होता, त्यामुळे भरलेल्यातले कितीतरी महिने धरलेच नव्हते. वसुली करणारी कंपनी बदलली. नव्या कंपनीला जुनीचं काही सापडेना. ट्रिना फोन लावून वाट बघत बसायची, आणि बुधवारी हात पाण्यात असल्यामुळे फोन टेबलावर, आवाज मोठा करून. वाट बघणाऱ्यांसाठी कंपनी वाजवायची ती बासरीची धून सगळ्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ झाली. लव्हर्न ती गोठ्यात गुणगुणायचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गाई तेवढ्यानं पान्हा चोरायच्या. पण शेतीच्या अनुदानापायी आयुष्यभर सरकारी खिडक्यांशी झोंबलेली ही माणसं, सल्ला द्यायला मागं हटली नाहीत. एका फोनात दोन गोष्टी विचारू नकोस, घोटाळा होतो. पलीकडं बाईमाणूस आलं तर फोन ठेवू नकोस, तिचं नाव लिहून घे. सोमवारी चुकूनही लावू नकोस. त्यातला एक सल्ला लागू पडला, कुठला ते आता कुणी सांगू शकत नाही. महिने परत धरले गेले. आणि मागच्या आठवड्यात एका सकाळी तिनं इस्पितळात संगणक उघडला, तर कर्जाच्या जागी भोपळा.

ती तिथंच खुर्चीवर बसली, थोडी रडली, मग स्वागताच्या टेबलावरच्या अर्डिसला तेवढं सांगितलं. अर्डिस म्हणजे साठीची, कोरीव काम केल्यासारख्या केसांची, गावातली निम्मी बातमी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरलेल्या निम्म्यालाही कळलं.

त्या दुपारी ट्रिनानं गाडीत बसून विचार केला, आता जायचं कुठं. फिनिक्सला बहीण होती, तिथलं मोठं इस्पितळ नर्सा घेत होतं. ऊन, पोहण्याचे तलाव, दीडपट पगार. ती विचार करायला लागली आणि लक्षात आलं, की ती फिनिक्सचा नव्हे, गुरुवारी ब्रेक्केंच्या शेजारणीची जखम कोण बांधणार याचा विचार करतेय. तिला जायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट कळायला दहा वर्षं आणि एक कर्जमाफी लागली. आता फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं, राहा. तिनं स्वतःहून म्हणायचं तर कॅफेतलं ते वाक्य आड येत होतं. शिवाय दहा वर्षांत तिलाही इथला रोग लागला होता. तिच्याही तोंडातून आता मनातलं सरळ निघेना.

तिनं वाट बघितली. आणि गाव कामाला लागलं.

दुसऱ्याच दिवशी किराणावाल्यानं तिच्या दाराशी केळ्यांची रिकामी खोकी आणून रचली. सामान भरायला त्यासारखी खोकी नाहीत, तो म्हणाला. गॅरेजवाल्यानं न सांगता गाडीचं तेल बदललं, लांबचा पल्ला म्हणून टायरही तपासले, पैसे घेईना. समोरची बाई पाय घेऊन आली, म्हणजे खायचा, सफरचंद भरून भाजलेला, आणि जाता जाता म्हणाली की तिच्या भाच्याला भाड्यानं घर हवंय, घाई नाही. इस्पितळाचा कारभारी वेन, भिडस्त माणूस, त्यानं तर तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तिच्या जागेची जाहिरातही देऊन टाकली. कुणी विचारायलासुद्धा आलं नाही, आणि नर्स नसली तर रात्रीचा तातडीचा विभाग बंद होणार होता, पण हे तो तिच्याजवळ बोलला नाही. ते बोलणं म्हणजे दडपण आणणं झालं असतं.

ट्रिना आतून पेटली. दहा वर्षं यांच्या पायांची घाण काढली, आणि खोकी आणून देतायत. तिनं फिनिक्सला फोन केला. तिकडच्या बाईनं सांगितलं, सोमवारपर्यंत हो की नाही कळवा.

रविवारी चर्चच्या तळघरात निरोपाचं जेवण ठेवलं होतं. खिम्यावर बटाट्याचे गोळे रचून भाजलेल्या हॉटडिशच्या परातीच परात, हिरवी थरथरती जेली, आणि निळ्या अक्षरांत 'प्रवास सुखाचा होवो' लिहिलेला केक. सबंध गाव कोटांची बटणं सोडून बसलं होतं. ट्रिनाला मधल्या टेबलावर बसवलं. ती ताट न्यायला उठली, तर बायकांनी बसवलं. पाणी आणायला उठली, तर पुन्हा बसवलं. पाहुणीनं हात लावायचा नसतो.

मग भाषणं झाली. वेन म्हणाला, ट्रिनाचं काम वाईट नव्हतं. मागच्या टेबलावरच्या एका बाईनं यावर डोळे टिपले, कारण त्या गावात याच्यावर स्तुती नाही. सगळ्यांनी मिळून चाकांची मोठी निळी सूटकेस दिली. ट्रिनानं आभार मानले. तिनं घरून एक भाषण तयार करून आणलं होतं, त्यात 'एकालाही वाटलं नाही का' असं एक वाक्य होतं, पण सूटकेसवर लावलेली फीत कुणीतरी इस्त्री केलेली होती. ते बघून तिनं ते वाक्य गाळलं.

तेवढ्यात लव्हर्न उठला. दोन्ही हातांनी टेबल धरून.

"पायाचं तिनं वाईट केलं न्हाई," तो म्हणाला. बसायला गेला, बसला नाही. "खरं, डावा अंगठा अजून ठनकतोय."

"ठणकणारच," ट्रिना म्हणाली. "आत वळलेलं नख आहे ते. एका खेपेत सुटत नाही."

"मंग किती खेपा?"

"तुमच्या नखाचं काय सांगावं? वर्ष जाईल. जास्तही जाईल."

जेली खाणारे चमचे थांबले.

लव्हर्ननं नाक ओढलं. "आन् तू तर चाललीस."

"असं सगळे म्हणतायत खरं."

"सगळे नव्हं. तूच म्हनली हुतीस. कॅफेत."

"दहा वर्षं झाली, लव्हर्न. पापण्या गोठल्या होत्या माझ्या. त्याच दिवशी मी इथल्या कॉफीला भांडी विसळलेलं पाणीही म्हणाले होते. मग काय, प्यायची सोडली का मी?"

सगळ्या तळघरानं आपापल्या कपांकडे बघितलं. वेन छताला टेकू दिल्यासारखा वर बघत राहिला. अर्डिस पुटपुटली, की तिला आधीपासूनच ते वाक्य खरं वाटलं नव्हतं; शेजारीण म्हणाली, तूच तर सगळ्यांना सांगत होतीस.

"आमाला वाटलं," लव्हर्न म्हणाला, "मानसानं सजा पुरी केली, तर आपुन त्याच्या दारात आडवं उभं ऱ्हाऊ नये."

"सजा कुणी म्हटलं?"

"तू न्हाईस?"

"आता तर नाही म्हटलं."

लव्हर्ननं या उत्तराचा नीट विचार केला. बी पेरायच्या आधी मातीचं ढेकूळ मुठीत चुरून बघतात तसा. शेवटी म्हणाला, "बुधवारी मी मोकळाच असतो, पोरी."

"साडेनऊला या," ट्रिना म्हणाली. "आणि मोजे धुतलेले घाला. मागच्या खेपेला मी श्वास रोखून काम केलंय."

एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी कुणाला मिठी मारली नाही. कोपऱ्यातून एक जण म्हणाला की हॉटडिश अजून बराच उरलाय, आणि सगळं गाव पुन्हा ताटं घेऊन रांगेत उभं राहिलं. पहिल्यांदा जेवताना कुणाला भूक नव्हती असं दिसत होतं. वेननं हळूच कळवलं, की ती जाहिरात उद्या काढून टाकता येईल, तसंही तिच्याकडं कुत्रं फिरकलं नव्हतं. फिनिक्सच्या बाईला सकाळी काय सांगायचं ते ट्रिनानं मनात जुळवून ठेवलं.

"सूटकेसची पावती ठेवलीय मी," अर्डिस तिच्या कानाशी येऊन म्हणाली. "महिनाभरात परत घेतात."

"कशाला ठेवलीस?"

"अशीच. पावती ठेवावी माणसानं."

जेवणं उरकली तशी ट्रिना उठून स्वयंपाकघरात गेली. या वेळी तिला कुणी अडवलं नाही. अर्डिसनं तिच्या अंगावर एक ओलसर फडकं फेकलं आणि मोरीकडं बोट केलं, जिथं परातींचा ढीग पडला होता. ट्रिनानं बाह्या वर सारल्या. पहिल्याच परातीच्या कडेला बटाटा जळून असा चिकटला होता, की निघायचं नाव घेईना. तिनं गरम पाणी ओतलं, तारेची घासणी शोधली आणि खरवडायला सुरुवात केली.