पंचफुलाकाकू आणि चार लोक

पंचफुलाकाकू अनोळखी दारात कधीच एकट्या गेल्या नाहीत. बँकेत पासबुक भरायचं असो, तहसीलमधून दाखला काढायचा असो, त्यांच्यामागे चार माणसं असायचीच. ती माणसं काही बोलायची नाहीत. नुसती उभी राहायची, एखादा तंबाखू मळत असायचा, आणि समोरचा साहेब आपोआप खुर्चीत सावरून बसायचा. "एकट्या मानसाले कुत्रं बी भुकते, बाबू," काकू म्हणायच्या. "चार लोक दिसले का चटई अंथरते." चटई कुत्रं अंथरतं का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "तू लय शिकला, म्हनूनच तुह्यं दुकान चालत नाही."

दुकान माझंच. मालेगावला, आमच्या वाशिम रस्त्यावरच्या मालेगावला, माझं ऑनलाइन सेंटर आहे. फॉर्म भरणं, झेरॉक्स, आणि ज्यांना मेल लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मेल लिहिणं. या शेवटच्या कामात माझा लौकिक मोठा आहे. 'सोबत अर्ज जोडला आहे' असं लिहून अर्ज न जोडणं मी इतक्यांदा केलं की एका ऑफिसातून उत्तर आलं, 'नेहमीप्रमाणे अर्ज जोडलेला नाही.' एकाच्या नोकरीच्या अर्जात आधीच्या गिऱ्हाइकाच्या म्हशीच्या विम्याचा मजकूर राहून गेला होता. त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. म्हशीचं काय झालं ते कळलं नाही.

काकूंचा मळा गावाबाहेर होता. साठी ओलांडलेल्या, उंच, सावळ्या. आवाज असा की मळ्याच्या दुसऱ्या टोकाला मोटार बंद करायला सांगायचं तर फोनची गरज नसे. आसपासच्या भाजीवाल्या बायकांचा त्यांनी गट बांधला होता, आणि एका हिवाळ्यात त्या सगळ्यांना त्यांनी ब्रोकोली लावायला लावली. एका व्यापाऱ्याने तोंडभर शब्द दिला होता. पीक झकास आलं. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

ब्रोकोलीचं असं असतं की गड्डा तयार झाला की ती थांबत नाही. दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले की पिवळी फुलं उमलतात, आणि मग ती देवाला वाहण्याच्याही कामाची राहत नाही. काकूंनी एक टोपली बाजारात नेऊन पाहिली. लोक हसायला जमले. "काहून वं पंचफुला, गोबीले शेवाळ आलं काय?" एका म्हाताऱ्याने विचारलं. दुसरा म्हणाला, "शिजवाची का अंगाले घासाची?" काकू टोपली घेऊन परत आल्या. गटातल्या बायकांनी वांगी आणि मिरची सोडून हे लावलं होतं ते फक्त काकूंच्या शब्दावर.

"पिकते तिथं विकत नाही, हे म्हाताऱ्यायनं सांगूनच ठेवलं हाय," त्या माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या. "मंग दूर विकू. तू मेल लेह्य." सोबत अर्थातच चार जणी होत्या.

नागपुरात हॉटेलांना भाजी पुरवणारी एक कंपनी मी शोधून काढली. खरेदीचं पाहणाऱ्याचं नाव होतं आर. सबनीस. मी 'आदरणीय सर' असं दणदणीत सुरू केलं.

"पहिले तब्येत विचार त्यायची," काकू म्हणाल्या.

"काकू, मेलमध्ये तब्येत नाई विचारत."

"काहून? मेलवाल्याले ताप येत नाही काय?"

विचारली. मग त्यांचा मुख्य प्रश्न आला, की हा कागद तिकडे एकटाच जाणार काय? मी म्हटलं, मेल एकटाच जातो. काकूंचा चेहरा पडला. तेव्हा मला माझी विद्वत्ता दाखवायची हुक्की आली. म्हटलं, एका मेलमध्ये सोबत आणखी लोकांची नावं घालता येतात, साहेबाला ती सगळी दिसतात. "असं बोल ना मंग, बापा!" त्या म्हणाल्या आणि गटातल्या सगळ्या बायका, एक माजी सरपंच आणि मानोऱ्याचे त्यांचे वजनदार भाऊ यांना त्यांनी मेलमध्ये उभं केलं. मी त्याच्यावर कडी केली. बायकांच्या फोनमध्ये, आणि माझ्याही, अशी सेटिंग करून दिली की कुणी एकाने उत्तर दिलं तरी ते सगळ्यांना जावं. म्हटलं, गटात एकजूट राहील.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'मी सर नाही. तब्येत बरी आहे. मालाचे फोटो, आकार आणि भाव कळवा.'

बस, एवढंच. मला ते झोंबलं. मी ताबडतोब फोनवरून काकूंना, फक्त काकूंना, असं माझ्या मते, लिहिलं: 'काकू, बाई लय तोऱ्यात दिसते. भाव चांगला चढवून सांगू. घासाघीस करू द्या तिले, मंग मेहरबानी केल्यासारखं खाली येऊ.' गटातल्या बायकांना वाटलं, चर्चा सुरू झाली. त्या फोनला तोंड लावून बोलत, आणि फोन लिहीत. 'चढवून सांगा, नागपूरवाल्यायले काय समजते.' 'लवकर द्या काढून, माह्या वावरात पिवळी पडून राह्यली.' एकीने तर कळस केला: 'आमच्या गाईले टाकली होती, गाईनं तोंड फिरवलं.' मानोऱ्याच्या भावांनी अंगठा पाठवला.

मग सबनीस मॅडमची एक ओळ आली. 'हे सगळे मेल मलाही येत आहेत.'

मी गेलेला मेल परत ओढायचा कुठे खटका आहे का ते शोधलं. नव्हता. फोन बंद करून पाहिला, जणू तिकडे नागपुरातही बंद होईल. शेवटी मळ्यात गेलो आणि सगळं सांगितलं. काकू गड्ड्यांवरून हात फिरवत होत्या. काही गड्डे सैल पडायला लागले होते.

"आता?" त्या म्हणाल्या.

"मी एकट्या मॅडमले लेहतो, काकू. का आमचं खातं कोनीतरी हॅक केलं. असे मेल चोर पाठवत असतात."

"चोराले आपल्या गाईचं कसं मालूम?"



"आपुन त्या बाईच्या अंगनात उभं राहून तिलेच नावं ठेवली," काकू म्हणाल्या. "आता तोंड लपवून मांगच्या दारानं जाऊन काय होते? लेह्य मी सांगतो तसं. अन् सगळ्यायले घाल त्याच्यात. माजी सरपंचाले बी, माह्या भावाले बी."

"काकू, अजून त्यायले कायले? शोभा झाली तेवढी पुरे."

"चार लोकायत कोनाची इज्जत घेतली, तं चार लोकायतच माफी मांगा लागते. कोपऱ्यात मांगितलेली माफी म्हंजे उधारी."

मी लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा 'विनंती विशेष' आणि 'तसदीबद्दल क्षमस्व' यांच्याविना.

'बाई, तुम्ही सगळं वाचलंच. तोरा म्हणाला तो आमचा पोरगा, त्याला बोलायची अक्कल नाही. भाव चढवून सांगणार होतो, ते खरं. आता नाही सांगत, खरा भाव खाली लिहिला आहे. गाय खात नाही तेही खरं. पण माल चांगला आहे. आम्ही मनापासून लावला आहे. दोन दिवसांत फुलेल, मग तुमच्या कामाचा नाही, आमच्याही नाही. पाहायला या. घ्या अगर नका घेऊ, जेवून जा.'

या वेळी फोटो जोडायला मी विसरलो नाही. विसरलो नाही ना, हे पाठवल्यानंतर पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं.

तो दिवस गेला. पोरगा म्हणून माझी बोळवण झाली होती, माझी मुलगी कॉलेजात आहे, पण त्याचा राग यायलाही मन मोकळं नव्हतं. बायका मळ्याच्या बांधावर येऊन उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. काकू मोठ्या आवाजात म्हणायच्या, "येते, येते, उत्तर येते," आणि आत जाऊन पाणी प्यायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर फोन थरथरला. उत्तर सगळ्यांनाच होतं.

'गाडी उद्या सकाळी पाठवते. माल काढून ठेवा. आमच्याकडेही भावाची अशीच खलबतं चालतात, फक्त आम्ही ती तुम्हाला पाठवत नाही.'

मी दुकानाचं शटरही न ओढता मोटारसायकलवर टांग टाकली. मळ्यात पोचलो तर तिथे आधीच कल्ला होता. मेल सगळ्यांना गेला होता ना! सगळ्यांना मेलमध्ये घालायची माझी विद्वत्ता पहिल्यांदाच उपयोगी पडली.

गाडी आली, माणसाने गड्डे दाबून पाहिले, थोडे बाजूला काढले, बाकी भरले. भाव आम्ही लिहिला तोच. सबनीस मॅडम आल्या नाहीत, पण पुढच्या हिवाळ्यात त्यांनी आपणहून मेल केला, आणि त्यात आधी काकूंची तब्येत विचारली. काकू आता अकोल्याला लेकीकडे राहतात. मी मात्र कुणा अनोळखी माणसाला मेल पाठवताना वरची नावं बोट ठेवून वाचतो. चूक व्हायची ती होतेच. मग जितक्यांसमोर झाली तितक्यांसमोर कबूल करतो. ब्लडप्रेशरला बरं असतं.

त्या सकाळी गाडी रस्त्याला लागली, बायका हसत-खिदळत घरी गेल्या, आणि काकू बांधावर मटकन बसल्या. शेजारी एक बाजूला काढलेला गड्डा पडला होता. त्यांनी त्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला आणि थू करून टाकला.

"पहिल्यांदाच खाल्ला?" मी विचारलं.

"मंग! पहिलेच खाल्ला असता, तं त्या बायकायले लावा म्हनून कोन्या तोंडानं सांगतलं असतं?" त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि इतक्या जोरात हसल्या की रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबून पाहू लागला.