बिबटीला आईचं नाव

आमच्या गोठ्यात सापडलेल्या बिबटीला माझ्या आईचं नाव द्यायचं चाललंय, हे मला महाडच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत कळलं. एका बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि अभिनंदन केलं. त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी त्याच नावाला मत दिलं होतं. मी हसले. त्या वेळी मला ते चांगलंच वाटलं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहते, शेळ्या पाळते. पावसाळ्याआधी एका तिन्हीसांजेला ती चारा घेऊन गोठ्याशी आली तर आत शेळ्या विचित्र ओरडत होत्या. तिने डोकावून पाहिलं, दार ओढलं आणि कडी घातली. दार उघडं टाकलं असतं तर वाघरू, आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, पळालं असतं आणि काही शेळ्या वाचल्या असत्या. पण समोरच्या अंगणात माझ्या चुलतभावाची मुलं खेळत होती. आई पाठ लावून दाराशी उभी राहिली. आतले आवाज एकेक करून थांबत गेले. वनखात्याची माणसं येऊन त्यांनी बिबटीला गुंगीचं औषध देईपर्यंत गोठ्यात एकही शेळी जिवंत नव्हती. बिबटीचा एक सुळा मोडलेला, पायाला जुनी जखम. जंगलात परत सोडण्यासारखी नव्हती, म्हणून तिला घाटावरच्या एका प्राणी उद्यानात नेलं.

त्या उद्यानाने लोकांकडून नावं मागवली. आलेल्यांतली काही निवडून मत द्यायला सांगितलं. त्यांत आईचं नाव होतं, बिबटीला कोंडणाऱ्या बाईचं म्हणून. महाडच्या लोकांनी ते उचलून धरलं. आपल्या तालुक्याशेजारची धाडसी बाई, तिचा सन्मान, असं सगळे लिहीत होते.

शनिवारी मी वाडीवर गेले आणि उत्साहाने आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"कोणी पाठवलान हे नाव?"

मी म्हटलं, लोकांनीच, कुणीतरी पाठवलं असेल. आई म्हणाली, "लोकांना माझं नाव कुठनं ठावं? वाघिणीवाल्या घरातली म्हातारी एवढंच ठावं त्यांना. नाव घरच्याला ठावं."

आणि तिने समोरच्या घराकडे हनुवटीने दाखवलं.

समोरचं घर चुलतभावाचं. मुंबईत बरीच वर्षं टेम्पो चालवून तो परत आला आणि त्याने स्लॅबचं घर बांधलं. दारापर्यंत गाडी यावी म्हणून त्याला आमच्या खाचरातून रस्ता हवा होता. आई नाही म्हणाली. त्याने एकदा माणसं लावून बांध फोडायला घेतला, तेव्हा आई कोयती घेऊन बांधावर जाऊन बसली होती. तेव्हापासून तो तिला चारचौघांत वाघीण म्हणायचा. वाडीतली माणसं हसायची, आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मला तरी खात्री नव्हती. ती खाली उतरताना झाली. पोलादपूरला सोडणारा जीपवाला आमच्याच वाडीतला. तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला की ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या भावानेच ते नाव टाकलंय, चहाच्या टपरीवर तो सगळ्यांना सांगत असतो. काय सांगतो, ते मी विचारलं. जीपवाला जरा घुटमळला आणि मग त्याने ते वाक्य सांगितलं. ते मी आईला सांगणार नव्हते. पण तिच्यापर्यंत ते आधीच पोचलेलं होतं.

मी उद्यानात फोन केला. तिथले साहेब सभ्य होते. त्यांना वाटलं आई लाजतेय. घरच्यांनी कौतुकाने नाव सुचवलंय, लोकांनी भरभरून मतं दिलीयत, आता ते कसं काढायचं, असं त्यांचं म्हणणं. मी रस्त्याचं भांडण सांगायला लागले तर त्यांचा आवाज थंड झाला. तुमच्या घरगुती गोष्टीत आम्ही पडू शकत नाही, म्हणाले.

नाव जिंकलं. पाटी उघडायला आईनेच यावं म्हणून निमंत्रण आलं. मी म्हटलं, जाऊ नको. आई म्हणाली, "जाणार गो. मला बघायची हाय ती."

पावसात बंद असलेला घाट दिवाळीनंतर मोकळा झाला होता. उद्यानाने पाठवलेल्या गाडीतून आम्ही वरंधवरून घाट चढलो. तिथे पोचलो तर चुलतभाऊ आमच्या आधी आलेला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, घरचा माणूस म्हणून पुढच्या रांगेत. मोबाइलवर चित्रण करायला त्याने सुरुवातही केली होती.

बिबटी जाळीपलीकडे एका फळकुटावर पडून होती. आई जाळीपाशी गेली तशी तिने कान मागे टाकले आणि दात दाखवले. मला वाटलं होतं, आईला तिची थोडी कीव येईल. तसं काही झालं नाही. आई तिच्याकडे बघत राहिली, वैऱ्याकडे बघावं तशी, आणि मग वळली.

साहेबांनी भाषण केलं. कोकणातली रणरागिणी वगैरे म्हणाले. मग माइक आईच्या हातात दिला. आईने आयुष्यात माइक धरला नव्हता. तिने तो हनुवटीला टेकवला.

"हिनं माझी सगळी शेरडं मारलीन," ती म्हणाली. "तिचं पोट होतं, ती आली. तिच्यावर माझा राग हाय आणि तो राहणार. पण माझं नाव तिला मानानं दिलेलं नाय. तो पुढं बसलाय, माझा पुतण्या, त्यानं दिलान. टपरीवर काय सांगतो तो? एक वाघीण पिंजऱ्यात गेली, दुसरी अजून मोकळी हाय. हे खोटं असंल तर त्यानं इथं उभं राहून सांगावं."

चुलतभाऊ उठला नाही. त्याने मोबाइल खाली केला. काकी, मस्करी होती, असं काहीतरी तो पुटपुटला. आईने माइक साहेबांना परत दिला आणि पाटीवरचं कापड न काढताच गाडीकडे चालू लागली.

साहेब आमच्या मागे धावत आले. या वेळी ते काही समजावत नव्हते. त्यांनी हात जोडले. पुढे त्यांनी पाटी उतरवली आणि दोन नंबरला आलेलं कुठल्याशा फुलाचं नाव बिबटीला दिलं.

माझ्या शाळेत मात्र मलाच ऐकावं लागलं. कुणीतरी ते चित्रण पसरवलं होतं. एवढा मान मिळत होता, आईंनी सगळ्यांसमोर तमाशा नको होता करायला, असं अभिनंदन करणाऱ्या त्याच बाई म्हणाल्या. घरातलं भांडण घरात ठेवावं, असंही म्हणाल्या. मी डबा बंद केला आणि वर्गात जाऊन बसले. त्यानंतर मी शिक्षकांच्या खोलीत जेवले नाही. अजूनही जेवत नाही.

शिमग्याला मी वाडीवर होते. देवीची पालखी घरोघर नाचत आमच्या अंगणात आली. वाहणाऱ्यांत पुढच्या दांड्याला चुलतभाऊ होता. आई ओटीवर ताट घेऊन बसलेली, निरांजन लावलेलं. ती उठेना. ढोल वाजत राहिला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी गावकीतले एक वयस्कर गृहस्थ चुलतभावाच्या कानाशी जाऊन काही बोलले. त्याचा चेहरा काळवंडला. त्याने दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला आणि अंगणाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

मग आई उठली, पदर सारखा केला आणि देवीला ओवाळलं.