डुकरानं मोडलेला हात

माझ्या तोंडून निघालेला वाघ बारा हातांपेक्षा लहान कधी नसतो. सिहोऱ्याच्या पानठेल्यावर मी तळ्यातली एक मासोळी बैलगाडीत घालून आणली होती, तिची शेपटी मागं कोसभर रस्ता झाडत आली. लोक मान डोलावतात, कारण सुपारी-तंबाखूचा खर्रा मी खिलवतो.

म्हणूनच त्या सकाळी ऑटोत कण्हता कण्हता माझी सत्तरीची बहीण म्हणाली, "बाबू, डॉक्टरले सांग, रानडुकरानं धडक देल्ली म्हून. तुले जमते."

तिचा उजवा हात कोपराखाली मोडला होता. मोडला होता तिच्या पोरानं. ती शेतातली पाण्याची मोटार बंद करायला विसरली, पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या धानात शिरलं, आणि त्यानं काठी उचलली.

"मी काहून खोटं सांगू, बाई?"

"खरं सांगशीन त पोलीस नेतीन त्याले. एकच हाये मले."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचलो आणि मी सुरू झालो. डुक्कर म्हशीएवढं केलं. त्याचे सुळे विळ्यासारखे. बहिणीला पाठीवर घेऊन ते धानाच्या तीन बांध्या ओलांडून गेलं. सिस्टर इंजेक्शन हातातच धरून ऐकत राहिली. तरण्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. एक्स-रे उजेडाला धरून त्या बहिणीला म्हणाल्या, "आजी, मार चुकवायला हात वर धरला की हाड असं मोडतं. कोणी मारलं?"

"डुक्करच होतं."

"घरी कोण असतं?"

"पोरगा हाये. मोठा जीव लावते."

माझी सगळी डुकरं, मासोळ्या, वाघ त्या एका वाक्यापुढं चिल्लर होते. मी खाली मान घालून प्लास्टर सुकायची वाट पाहत बसलो, आणि तिला तिच्या घरी सोडून आलो.

आठ दिवसांनी भाचा पानठेल्यावर आला. चारचौघांत हसून म्हणाला, "मामाजी, सांगा ना, केवढं होतं डुक्कर?"

मी उठलो. त्याच्या डोक्याला बरोबर लागेल असा तळहात आडवा धरला. "एवढं. मिशापन अशाच."

ठेला हसून फुटला. तो हसला नाही. खर्रा थुंकला आणि गाडीला किक मारून घराकडं वळला. टोमणा मी मारला होता. वसुली तिच्याकडून झाली असती.

मी धावलो. मोटारसायकलीला मागं टाकलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी पासष्टीचा. पोचलो तेव्हा तो अंगणात उभा होता आणि ती डाव्या हातानं तांदूळ निवडत होती.

"चाल बाई, माह्या घरी."

"कायले? त्याले कोन रांधून देईन?"

"पुन्हा हात लावला त डॉक्टरणीले सगळं खरं सांगून येतो," मी त्याच्याकडं पाहत म्हणालो. पोलिसांच्या धाकानं ती उठली, पण शिव्या रस्ताभर मलाच दिल्या. पोराले गावात बदनाम केलं म्हणे मी.

आता ती माझ्याकडं असते. माझ्याशी बोलत नाही. रोज एका हातानं भात-वरण करते, डबा भरते आणि माझ्यासमोर ठेवते. तो भाच्याला पोचवायचं काम माझं.