‘सिसू’ या शब्दाचं कूळ

१९३९ साली रशियाने फिनलंडवर चाल केली, त्या थंडीत आमच्या नंदुरबारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक शब्द सापडला. एवढासा देश ‘सिसू’च्या जोरावर लढतोय, असं वर्तमानपत्रात आलं होतं. आठ दिवस संस्कृत कोश उपसून त्यांनी व्याख्यान जाहीर केलं. सिसू म्हणजे सिंह. उत्तरेकडे जाता जाता अनुस्वार गळाला, हकार थंडीने गोठला. हे ते गंभीरपणे सांगत. मी त्यांच्या हाताखालचा भाषाशिक्षक. फिनिश भाषेचा संस्कृतशी काडीचा संबंध नाही, हे मी वाचलेलं होतं. तरी भाषणाची सुवाच्य प्रत मीच काढून दिली.

व्याख्यानाला नवापूरकडच्या जंगलपट्टीत बाळंतपणं करत फिरणारी एक म्हातारी नर्स आली होती. ती फिनलंडची आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी सगळे गोरे इंग्रजच. भाषण संपल्यावर ती उठली.

“सिसू सिंह नाही,” ती मोडक्या मराठीत म्हणाली. “आमच्यात ‘सिसा’ म्हणजे आत. त्यावरून सिसू. पोटातली, आतड्यातली जिद्द. लहानपणी मी हट्ट केला की आई म्हणायची, या पोरीत वाईट सिसू आहे. तेव्हा ते रागावणं होतं. आता पेपरवाले कौतुक करतात.”

मुख्याध्यापक हसले. “बाई, भाषा बोलणं वेगळं, तिचं मूळ जाणणं वेगळं.”

पुढे बसलेला तापीकाठचा एक शेतकरी म्हणाला, “बाई तठलीच शे ना? मंग तिले जास्त ठाऊक का तुमले?”

लोक हसले. मुख्याध्यापकांनी त्याला अडाणी म्हणून गप्प केलं आणि आभार उरकले.

मी नर्सला बैलगाडीपर्यंत पोचवायला गेलो. तिने विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग बोलला नाहीत?”

मी नोकरीचं कारण सांगितलं. खोटं बोलणाऱ्या रोग्याकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत बसली.

मुख्याध्यापकांनी पुढे भाषणाची पुस्तिका छापली, ओळखीच्यांच्या हातून शाल घेतली. प्रस्तावनेत माझ्या अक्षराची स्तुती आहे. मूर्ख माणसाची कीव येते. पण समोर उभ्या असलेल्या बाईला तिच्याच आईची भाषा शिकवणाऱ्याची मला आजही किळस येते.

पुढच्या वर्षी ती पुस्तिका वरच्या वर्गाला लावली. मी ती शिकवली.