मित्राचं अर्धं वाक्य

स्नेहल गायकवाडच्या रागाला मस्कतच्या वादी कबीर वस्तीतली सगळी मराठी घरं वचकून असत. मुलं रस्ता ओलांडायच्या आत शाळेची बस हलवणाऱ्या ड्रायव्हरला तिने एकदा भर रस्त्यात खाली उतरवलं होतं. "मॅडम, साइटवर ऊन आहे, तुम्ही ऑफिसातच बसा," असं म्हणणाऱ्या अर्बाबला, म्हणजे कंपनीच्या मालकाला, तिने "मग ड्रॉइंगवर सहीसुद्धा तुम्हीच करा" म्हणून ऐकवलं होतं, वर नोकरीही टिकवली होती. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या या बाईला दहावीत कुणी ध्येयबिय विचारलं नव्हतं. सिव्हिल इंजिनिअर व्हायचं म्हणून ती काकांशी भांडली, मास्तरांशी भांडली, शेवटी वडिलांशीही भांडली. भांडल्याशिवाय काही मिळतं यावर तिचा विश्वास नव्हता, आणि तो बसावा असं तिच्या आयुष्यात काही घडलंही नव्हतं.

नवरा राकेश दूर दुक्म बंदरातल्या प्रोजेक्टवर. एक आठवडा आड वाळवंट तुडवत घरी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि मुलीच्या मार्कांची चौकशी करून परत जायचा. लग्नानंतर मस्कतला आले तेव्हा "दोन वर्षं काढू आणि परत जाऊ" असं ठरलं होतं. ते दर दोन वर्षांनी नव्याने ठरत गेलं. दरम्यान मित्रा जन्मली, चालायला लागली, दहावीत गेली.

आणि इथल्या मराठी घरांत एक रीतच पडून गेली आहे. मूल दहावी झालं की त्याला उचलायचं आणि देशातल्या कुठल्यातरी क्लासच्या हॉस्टेलवर नेऊन टाकायचं. का, असं कुणी विचारत नाही. कुलकर्ण्यांचा गेला, सोनवण्यांची गेली, मग आपली का नको? अशाच एका क्लासचे उत्तम सर दरवर्षी मस्कतला येतात, हॉल घेऊन 'ध्येय शिबिर' भरवतात आणि मुलं गोळा करून नेतात. यंदा राकेशने दुक्महूनच फोनवर होकार देऊन टाकला होता. शिबिराच्या दिवशी फक्त नाव पक्कं करायचं बाकी होतं. स्नेहल आठवडाभर धुमसत होती. पोरीला पाठवायचं तिच्या मनात अजिबात नव्हतं.

शुक्रवारी हॉल गच्च भरला. राकेशही आदल्या रात्री दुक्महून आला होता. उत्तम सरांनी मुलांच्या हातात एकेक पाटी दिली होती. तीवर दहा वर्षांनंतरचं ध्येय घरून लिहून आणायचं, स्टेजवर धरायचं, मागे आईबापांनी उभं राहायचं आणि फोटो काढायचा. मुलांच्या पाट्या, पण अक्षर सगळं आयांचं! एका पाटीवर 'न्यूरोसर्जन' होतं आणि खाली बारीक अक्षरात 'किंवा आयएएस'. मित्राच्या पाटीवर राकेशने 'आयआयटी, केमिकल' असं ठसठशीत लिहून ठेवलं होतं. ती पाटी बघूनच स्नेहलच्या कपाळाची शीर उडायला लागली.

मित्राची पाळी आली. तिने पाटी खाली ठेवली आणि माइक घेतला. मराठी ती सावकाश बोलायची.

"मला पाणी... म्हणजे समुद्राचं पाणी गोड करतात ना, त्यात काम करायचंय. बरकाला आमची स्कूल ट्रिप गेली होती, तिथे मी बघितलं. अँड आफ्टर टेन्थ पण मला इथेच राहायचंय, इफ..."

"इथे?" उत्तम सर खो खो हसले. "बेटा, इथे कोण राहतं? आपण सगळे पाहुणे!"

सगळा हॉल हसला. राकेशही ओशाळून हसला. नवऱ्याचं ते हसू स्नेहलला सहन झालं नाही. तिने मुलीच्या हातातून माइक ओढला.

"हसताय काय? पाहुणे कोण? तुम्ही, सर! तीन दिवसांसाठी आलात. आमची पोरं इथे जन्मली. आणि तुम्ही सगळे, दरवर्षी परत जायच्या गप्पा मारता, गेलं का कोणी? पोरांना मात्र पुढे पाठवता! माझी मुलगी कुठेही जाणार नाही. तिला इथे राहायचंय, ती इथेच राहील. खलास!"

उत्तम सरांनी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. स्नेहल मुलीचा हात धरून तरातरा बाहेर पडली. मनातून ती खूश होती. भुसावळला आपल्यासाठी असं उभं राहायला कुणी नव्हतं, आपण मुलीसाठी राहिलो.

राकेश मागोमाग येऊन गाडीत बसला. "चार लोकांत शोभा केलीस," एवढंच म्हणाला.

"तू हसलास त्याचं काय?" स्नेहल कडाडली.

"स्टॉप इट!" मागच्या सीटवरून मित्रा ओरडली. आवाज थेट आईचाच. "बाबाने पाटी लिहिली. तू माइक घेतलास. सेम आहे! मी बोलत होते, आई. माझं वाक्य संपलं नव्हतं."

"अगं, मी तुझ्याच बाजूने..."

"पण मला बाजू नको होती! मला विचारायचं होतं. मी इथे राहीन, इफ तुम्ही दोघं इथे राहणार असाल. दहा वर्षांनी मी कुठे असणार, सगळे विचारतात. तुम्ही कुठे असणार? ते मला कोणी सांगतच नाही. मग मी प्लॅन कसा करू?"

तिला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचाही तिला राग आला. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

राकेशने किल्लीला हात घातला.

"सुरू करू नकोस," ती म्हणाली. "आधी सांग. तुला परत जायचंय?"

इतक्या वर्षांत तिने हे विचारलंच नव्हतं. राकेशने स्टिअरिंगवरचा हात काढला. समोरून शाळेची एक रिकामी बस गेली.

"नाही," तो म्हणाला. "तुला जायचंय म्हणून मी..."

स्नेहलला संताप आला. नवऱ्याचा, स्वतःचा, त्या सगळ्या वाया गेलेल्या बेतांचा. कारण तीही इतकी वर्षं त्याच्यासाठीच जायचं म्हणत होती.

"म्हणजे दोघांनाही नाही?" मित्राने मागून विचारलं. "देन हू वॉज गोइंग?"