सासऱ्यांचा समुद्र

नाशिकला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या सासऱ्यांनी शेवटपर्यंत मनावर घेतली नाही. पाटबंधारे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली, पोहायला त्यांना येत नव्हतं, होडीत ते आयुष्यात दोनदा बसले आणि दोन्ही वेळा डोळे घट्ट मिटून. पण वादळात शीड कधी उतरवायचं, होकायंत्र फुटलं तर दिशा कशी ओळखायची आणि चारशे किलोचा मासा गळाला लागला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. खरं तर झोपेतून उठवायचीही गरज नव्हती, कोणी न विचारताच ते सांगत. या सगळ्याचं मूळ होतं इंग्रजी साहसकथांमध्ये. बर्फात अडकलेली जहाजं, निर्मनुष्य बेटं, चाचे, अर्धवट जळालेले नकाशे, वाळवंटात वाट चुकलेले घोडेस्वार, आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे खोल समुद्रात जाऊन अजस्र मासे गळाने धरणाऱ्या माणसांच्या हकिकती. मेन रोडच्या मागचा एक रद्दीवाला असली पुस्तकं आली की त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा. गंगापूर रोडवरच्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात त्या पुस्तकांच्या चळती भिंतीला लागून उभ्या असत, आणि पाहुणे आले की त्यांचा चहा त्या चळतींवरच ठेवावा लागे.

पुस्तक बसून वाचायचं असतं हेही त्यांना मान्य नव्हतं. साधं वर्णन खुर्चीत, वादळ उभ्याने, आणि मासा गळाला लागला की घरभर फेऱ्या मारत. एका सकाळी अर्धी दाढी झालेली असताना त्यांना आदल्या दिवशी अर्धवट सोडलेलं प्रकरण आठवलं. उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवून ते वाचत बसले आणि त्याच चेहऱ्याने ऑफिसला गेले. दुपारी साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी खुलासा केला, "साहेब, माणूस फळकुटावर तरंगत होता, त्याला तसं सोडून कसं उठणार?" रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. सासरे म्हणाले, "मीठ सोडतो, पण वादळं सोडणार नाही." जेवताना रोज एक अख्खं लिंबू पिळून घेत, कारण महिनोन्महिने समुद्रावर राहिलेल्या खलाशांच्या हिरड्या लिंबाअभावी सुजतात. आमच्या घराखाली लिंबं विकणारी बाई सकाळ-संध्याकाळ बसायची, तरी खबरदारी म्हणजे खबरदारी. त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जायचं म्हणजे एसटीने तासाभराचा प्रवास, पण त्यांच्या पिशवीत दोरखंड, शिट्टी, मेणात बुडवलेल्या काड्यापेटीच्या काड्या आणि पाव किलो गूळ असायचाच. एकदा घाटापाशी एसटी बंद पडली. सगळे प्रवासी कंटाळून रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि आमचे सासरे मात्र वीस वर्षांनी तरुण झाले. त्यांनी सगळ्यांना गुळाचा एक एक खडा वाटला आणि म्हणाले, "मदत येईपर्यंत पुरवून खा." मदत म्हणजे मागून येणारी दुसरी एसटी, ती दहा मिनिटांत आली. परतीच्या वाटेवर ते थोडे खट्टूच होते.

मी मालवणची. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं, त्यामुळे या घरात पहिल्यांदा आले ती जरा धास्तावूनच. घर पूर्ण शाकाहारी, अंड्याचंही नाव काढायचं नाही. सासूबाई समोर बसलेल्या, माझी परीक्षा घ्यायच्या तयारीत. तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, "तुमच्याकडे समुद्रात शार्क दिसतो का गं?" मी आपली खरं बोलायच्या सवयीने म्हणाले, "दिसतो ना. आम्ही मोरी म्हणतो. मटण झकास होतं तिचं." सासूबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. सासरे उठून उभे राहिले. "म्हणजे तू शार्क खाल्लायस?" मी म्हटलं, "बाजारात आला तर दर बुधवारी." त्यांनी माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं माझ्याकडे पदवीदान समारंभातही कोणी पाहिलं नव्हतं. माझं लग्न ठरलं ते त्या क्षणी. पुढे नातेवाइकांशी ओळख करून देताना ते "ही आमची सूनबाई" एवढं सांगून थांबत नसत, शार्कचा उल्लेख करत, आणि नाशिकमधल्या निम्म्या आत्या आणि मावश्या माझ्यापासून दोन हात लांब बसत.

रोज संध्याकाळी सात वाजता मोठ्याने वाचन, हा घरचा नेम. सासूबाई भाजी निवडत बसायच्या आणि सासरे त्यांच्यासमोर उभे राहून इंग्रजी पान बघत धडाधड मराठीत सांगत सुटायचे. सासूबाई मान वर करत नसत. मेथी, शेपू, वालाच्या शेंगा, जे असेल त्यात डोकं घालून मधूनच "हं" म्हणत. कधीतरी शेरा मारायच्या तोही खलाशांच्या अकलेवर. एका जहाजावरचे लोक उपासमारीने बूट उकळून खायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "निघताना डबाभर भडंग न्यायला काय झालं होतं?" सासरे हिरमुसले. पुढे निवृत्तीनंतर मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "सत्तावीस वर्षं वाचतोय मी हिच्यासमोर. तुला सांगतो, मेथीच्या जुडीला जास्त कळलं असेल." हे बोलताना ते हसले, पण मला ते हसणं काही खरं वाटलं नाही.

नोकरीतून सुटल्यावर त्यांनी देवळालीतल्या एका निवृत्त लष्करी साहेबांकडून रीळ लावलेली, परदेशी बनावटीची गळाची काठी मिळवली आणि दर रविवारी गंगापूर धरणाच्या पाण्यावर जायला लागले. मासा खायचा नव्हताच, एकदा गळाला लावून त्याच्याशी झुंजायचं, डोळे भरून बघायचं आणि सोडून द्यायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण ती इच्छा अशी की तिच्यापायी त्यांनी सात वर्षं एक रविवार चुकवला नाही. गांडूळ लावायचं नाही हा त्यांचा नियम. "त्या गांडुळाने काय पाप केलंय?" म्हणून सासूबाईंकडून कणीक, बेसन, गूळ आणि चिमूटभर हिंग घालून गोळा मळून घ्यायचे. सासूबाई कुरकुरत मळून द्यायच्या आणि परत आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात घ्यायच्या नाहीत, मासळीचा वास येतो म्हणून. त्या वासासाठी एखादा मासा लागतो, हे सांगायची हिंमत कोणात नव्हती. सात वर्षांत त्यांना मिळालं काय, तर एक चप्पल, एक कासव आणि बोटभर लांबीची एक मासळी, जिची त्यांनी माफी मागितली. धरणावर मासेमारी करणारे एक मामा होते, ते ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकत फिरायचे. ते म्हणायचे, "आजोबा, मासे लय शाने हायेत. तुमचा लाडू खात्यात न् जात्यात." यावर सासरे म्हणायचे, "खाऊ दे. एक दिवस मोठा येईल."

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, बायपास करायचं ठरलं. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी सोमवारची तारीख दिली आणि बजावलं की पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, आणि नंतरही हे गळाचे उद्योग बंद. त्याआधीचा रविवार सासऱ्यांनी मागून घेतला. "नुसता बसतो. काठी जमिनीत रोवतो. हात लावणार नाही." आवाज इतका केविलवाणा की सासूबाईंनी हात टेकले, पण अट घातली, "मी येते बरोबर." नवऱ्याची सातपूरच्या कारखान्यात पाळी होती, तेव्हा गाडी मी चालवली. त्या सगळ्या रस्त्यात सासरे गप्प होते. हा माणूस गप्प बसलेला मी कधी पाहिलाच नव्हता.

घडीची खुर्ची टाकून त्यांना बसवलं, काठी रोवली. काठीच्या टोकाला त्यांनी एक छोटी घंटी बांधली होती. दोन तास काही नाही. मी थर्मासमधून चहा ओतत होते, तेवढ्यात घंटी वाजली, आणि सगळ्यांत आधी सासूबाई बोलल्या, "ही माझ्या देवघरातली घंटी." पुढचं बोलायला वेळ मिळाला नाही. काठी पाण्याकडे वाकली, रीळ किंचाळत सुटलं आणि सासरे खुर्चीतून उठून काठीला बिलगले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासूबाई गेल्या आणि त्यांनी काठी मधेच घट्ट पकडली.

"सोडा."

"अगं, सात वर्षांनी..."

"बादली उचलू नका म्हणून सांगितलंय तुम्हाला. सोडा म्हणते ना."

सासऱ्यांनी सोडली. मग ओरडले, "ओढ, ओढ त्याला."

"ओढायचं नसतं," सासूबाई काठी पोटाशी धरून म्हणाल्या. "पळतोय तोवर पळू द्यायचा. दमला की गुंडाळायचं. तो दाढीवाला ओढत बसला आणि दोरी तुटली, विसरलात?"

सासऱ्यांनी विचारलं, "कुठला दाढीवाला?"

"ज्याचा भाऊ दारू प्यायचा तो."

ते पुस्तक वाचून अकरा वर्षं झाली होती. सासऱ्यांचं तोंड उघडं ते उघडंच. इकडे सासूबाई चिखलातून पाण्याकडे घसरायला लागल्या, मी मागून त्यांची कंबर धरली तर मीही घसरायला लागले. तेव्हा सासऱ्यांना भान आलं. "खुर्चीत बांधायचं असतं. मोठा मासा लागला की माणसाला खुर्चीत बांधतात." आम्ही सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि माझ्या ओढणीने बांधलं. त्या बांधलेल्या अवस्थेतही हुकूम सोडत होत्या. "तुम्ही उभं राहायचं नाही. खाली बसा आणि खुर्ची धरा. जोर नाही लावायचा, नुसती धरा." सासरे चिखलात बसले आणि खुर्चीचा मागचा पाय दोन्ही हातांनी कवटाळला. दुसरा पाय मी धरला. मासा डावीकडे गेला की सासूबाई काठी उजवीकडे झुकवायच्या, तो खोल गेला की दोरी सोडायच्या, थांबला की चार वेढे गुंडाळायच्या, आणि सगळा वेळ त्याच्याशी बोलत होत्या. "दमलास ना? मग ये की आता. किती अंत बघशील?" मामा ट्यूबवरून आले, त्यांनी तोंडात बोट घातलं. "आजी, कटला हाय. लय मोठा. घाई नका करू." सासूबाई म्हणाल्या, "घाई मी करत नाहीये, हे करतायत मागे." कारण सासरे मागे हुंदके देत होते आणि खुर्ची हलत होती.

पाऊण तासाने मासा काठाशी आला. मामांनी तो जाळीत उचलला, माझ्या कमरेएवढा, पाठ काळसर, पोट रुपेरी. सासूबाईंनी आधी त्याच्याकडे आणि मग सासऱ्यांकडे पाहिलं. "बघितलात का नीट?" सासऱ्यांनी मान हलवली. "मग सोडा त्याला. धाप लागलीय बिचाऱ्याला." मामांचा जीव कासावीस झाला, पण त्यांनी गळ काढून मासा सोडला. तो क्षणभर काठाशी थांबला आणि शेपटी मारून गेला. मलाही रडू आलं. मी मालवणची आहे, माझ्या रडण्याचं कारण वेगळं होतं.

मी ओढणी सोडून सासूबाईंना उठवलं. सासरे अजून चिखलातच. पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"तू ऐकत होतीस?"

"समोर उभं राहून ओरडल्यावर काय करणार? कान का बंद करता येतात?"

"सत्तावीस वर्षं?"

"मध्ये ते बर्फाचं लावलं होतंत तेव्हा झोप यायची," सासूबाई पदराने हात पुसत म्हणाल्या. "बाकी सगळं ऐकलं."

सोमवारी ऑपरेशन झालं. आत नेताना सासऱ्यांना भीती वाटत असेल असं मला वाटलं होतं, पण ते नर्सला माशाची गोष्ट सांगत आत गेले. सुखरूप बाहेर आले आणि पुढे सात वर्षं जगले. गळाची काठी त्यांनी मामांना देऊन टाकली, धरणावर पुन्हा गेले नाहीत. "झालं की आता," एवढंच म्हणायचे. पण येईल त्या पाहुण्याला ती हकिकत रंगवून सांगायचे, आणि तुम्ही स्वतः काय केलंत, असं कोणी विचारलं की छाती पुढे काढून सांगायचे, "मी खुर्ची धरली होती." पाहुणे हसायचे. सासूबाई आतून ओरडायच्या, "पुरे आता ते पुराण."

ते गेल्यानंतरच्या दिवाळीत त्यांची एक चुलत बहीण आली होती. तिने सासूबाईंना गमतीने विचारलं, "वहिनी, तुम्ही म्हणे एवढा मोठा मासा धरला होतात?" सासूबाई करंजीला मुरड घालत होत्या. ती करंजी ताटात ठेवून त्या म्हणाल्या, "माशाचं काय, तो कोणीही धरला असता. खुर्ची ह्यांनी धरली होती."

मी तिथेच होते. खुर्चीचा दुसरा पाय मी धरला होता. मी पुढच्या करंजीची पारी लाटायला घेतली.